आई, एकही ‘थांब’ गाळू नकोस

न्यू जर्सी
18 मे

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर धड बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते. बाबांचा डोळा आता बरा असेल. थेंब वेळेवर घालताय ना? बाकीची चौकशी शेवटी, कारण मला आईशी जरा भांडायचंय आणि तोंडावर भांडलं की ती “बरं बाई” म्हणून मोकळी होते.

आई, तू हल्ली नातीला फोनवर चिऊ-काऊची गोष्ट आखूड करून सांगतेस. आमच्या वेळी चिऊताई दार उघडायच्या आधी बाळाला न्हाऊ घालायची, अंग पुसायची, पावडर लावायची, काजळ-तीट करायची, मग झोपवायची. दर वेळी “थांब, माझ्या बाळाला...”, आणि काऊ आपला पावसात. आता एका आंघोळीत दार उघडतं. मला कळतं गं. आमचे सकाळचे साडेनऊ म्हणजे तुमचे संध्याकाळचे सात, तुझा कुकर गॅसवर, आणि तुला वाटतं अमेरिकेतल्या पोरीला तेच तेच ऐकून कंटाळा येईल. परवा फोन ठेवल्यावर ठमीने मला विचारलं, “आज बाळाला पावडर का नाही लावली? संपली का?”

सध्या आमच्याकडे रोज रात्री दोन पुस्तकं वाचली जातात. एक बाबांपेक्षा थोडं मोठं, एक थोडं लहान. मोठं 1945 चं, ‘द कॅरट सीड’, रूथ क्राउस यांचं. सगळी मिळून शंभरेक शब्दांची गोष्ट. एक मुलगा गाजराचं बी पेरतो. आई म्हणते, मला नाही वाटत उगवेल. बाबाही तेच म्हणतात. मोठा भाऊ तर ठामच, नाही उगवायचं. मुलगा कुणाशी वाद घालत नाही. रोज तण काढतो, पाणी घालतो, आणि शेवटी गाजर येतं. मी जागच्या जागी मराठी करून वाचते, त्यामुळे त्या आईचा आवाज आपोआप तुझा होतो, रागावू नकोस. पहिल्या दिवशी मी भराभर पानं उलटत होते, तर हिने पानावर तळहातच ठेवला. “थांब, मी अजून बघतेय.” काय बघत होती देव जाणे. नुसती माती होती.

मग अर्थातच गाजर पेरावं लागलं. गाजराला उगवायला दोन-दोन, कधी तीन आठवडे लागतात. एवढा धीर हिला कुठला, म्हणून मी शहाणपणा करून त्याच कुंडीच्या कडेला चार मेथीदाणे टाकले. चौथ्या दिवशी मेथी वर आली. हिने वाकून पाहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बाजारातून आणलेलं गाजर मातीत खोचलंय. “ही मेथी आहे.” बस्स, एवढंच. धीर मलाच नव्हता, तिला होता.

आणि बाबा, रविवारी तुम्ही म्हणालात, “अगं, कुंडीत कुठलं आलंय गाजर!” त्यावर ती खो खो हसत सुटली आणि तुम्ही गोंधळलात. ती तुम्हाला हसली नाही हो. तुम्ही तिच्या पुस्तकातलं वाक्य म्हणालात! तिची आता खात्री आहे की आबांनी ते गुपचूप वाचलंय. (सतराव्या दिवशी उगवलं. गवतासारखी दोन बारीक पानं. फोटो पाठवते.)

दुसरं पुस्तक 1955 चं, ‘हॅरल्ड अँड द पर्पल क्रेयॉन’, क्रॉकेट जॉन्सन यांचं. हे क्राउसबाईंचे यजमान. गाजराच्या पुस्तकातली चित्रंही त्यांचीच. यातला हॅरल्ड जांभळा खडू घेऊन निघतो आणि लागेल ते काढत जातो, चालायला वाट, उजेडाला चंद्र. एकदा घाबरून हात थरथरतो, तर मागे लाटा उमटतात आणि हा बुडायला लागतो. मग घाईने होडी काढतो. तो खडू मेणाचा असतो असं मी सांगितलं मात्र, ठमी उठून बसली. “चिऊचं घर मेणाचं, म्हणजे ते या खडूने काढलंय?” मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.

दुसऱ्या दिवशी तिने काऊला जांभळी छत्री काढून दिली. छत्रीला दांडा नाही, पण काऊ कोरडा आहे. तेव्हा आई, आता त्याची काळजी करू नकोस. बाळाची आंघोळ, पावडर, तीट, सगळं निवांत होऊ दे, एकही ‘थांब’ गाळू नकोस.

बाबा, एक तुमच्यासाठी. गोष्ट संपली की तुम्ही विचारता, “मग यातून आपण काय शिकलो?” परवा तिने बराच विचार करून “गाजर” असं सांगितलं, तुम्हाला नीट ऐकू गेलं नाही एवढंच. पुढच्या वेळी तो प्रश्न राहू द्या. गोष्ट संपल्यावर ती गप्प बसते, तेव्हा तुम्हीही तिच्याबरोबर गप्प बसून बघा. फोन बंद पडलेला नसतो.

छत्रीचं चित्र या पत्रासोबत आहे, फ्रिजवर लावा. आणि आई, रविवारी कुकर सातच्या आधीच लावून घे.

तुमची,
लेक