बाबांच्या वागण्यामागचा आजार ओळखणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर मॅडम यांस,

सादर नमस्कार.

आपले आभार मी समक्ष मानले आहेतच. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण ज्या घरांत हाच आजार स्वभावदोष समजून सोसला जात असेल, तिथवर आपण आम्हाला समजावलेले पोहोचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

बाबा सहकारी बँकेत हिशेबनीस होते. पन्नाशीनंतर त्यांचे वागणे बदलत गेले, पण स्मरणशक्ती शाबूत होती. जुन्या खातेदारांची नावे, व्याजाचे हिशेब, घरचा रस्ता, सारे त्यांच्या लक्षात असे. त्यामुळे डिमेन्शियाची, म्हणजे मेंदू हळूहळू झिजण्याच्या आजाराची, शंका कोणालाच आली नाही. लग्नाच्या पंगतीत ते शेजारच्या पानातली जिलबी उचलून खाऊ लागले. आई न्हाणीघरात घसरून तिचे मनगट मोडले, त्या दिवशी तिच्याकडे पाहत त्यांनी एवढेच विचारले, "चहा कधी होणार?" नातेवाइकांनी याला विक्षिप्तपणा म्हटले, एका दवाखान्यात नैराश्य असे निदान झाले, आणि या माणसाला आपली माया उरली नाही, असे आईने मनाशी धरले.

आपण स्मरणाच्या चाचण्यांवर न थांबता आईला वेगळे बसवून, काय आणि कधीपासून बदलले, हे शांतपणे विचारलेत. मग एमआरआयच्या फिल्मवर कपाळामागचा आक्रसलेला भाग दाखवून, हा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलांजवळचा भाग झिजवणारा आजार, असल्याचे सांगितलेत. डोळ्यांच्या खोबण्यांवर टेकलेला मेंदूचा भाग मनातल्या ऊर्मींना आवर घालतो आणि तो झिजला की संकोच सुटतो. मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या बाजूचा पुढचा भाग झिजला की उठून काही करावे ही इच्छाच मावळते. दुसऱ्याची वेदना जाणवण्यात ज्याचा मोठा वाटा आहे तो मेंदूतला इन्सुला नावाचा भागही या आजारात लवकर सापडतो. आठवणी जपणारा हिप्पोकॅम्पस मात्र सुरुवातीला बऱ्याचदा बचावतो. आई हे सारे ऐकत होती आणि त्या अर्ध्या तासात तिच्या मनातली कित्येक वर्षांची अढी सुटत गेली, हे मी शेजारी बसून पाहिले.

मेंदूविकारतज्ज्ञ अर्नोल्ड पिक यांनी प्रागमध्ये १८९२ साली अशा आक्रसलेल्या मेंदूचे वर्णन केले होते, आणि ज्यांच्या नावाने अल्झायमरचा आजार ओळखला जातो त्या डॉ. अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टला तपासलेल्या ऑगस्टे डेटर या रुग्ण महिलेच्या आजाराचीही पहिली ठळक खूण पतीविषयीचा संशय हीच होती. असे असताना आजही आपण डिमेन्शिया म्हणजे केवळ विसराळूपणा समजतो, याचे मला फार वाईट वाटते.

हा आजार बरा करणारे औषध नाही, हे आपण आडपडदा न ठेवता सांगितलेत. अल्झायमरच्या आजारात देतात त्या डोनेपेझिल या औषधाचा इथे उपयोग नाही, उलट अस्वस्थता वाढू शकते, हेही बजावलेत. गोड पदार्थ कुलपात ठेवणे, दिनक्रम ठरलेला ठेवणे, वाद न घालता त्यांचे लक्ष दुसरीकडे वळवणे, या आपल्या सूचनांनी घरातले तंटे पुष्कळ कमी झाले आहेत.

बाबांच्या प्रत्येक तपासणीत आपण आईची झोप आणि रक्तदाब यांचीही चौकशी करता, आणि त्यासाठी बाबांच्या फाइलमध्ये तिच्या नावाचा स्वतंत्र कागद लावून घेतलात, याबद्दल आम्ही भावंडे आपले विशेष ऋणी आहोत.

आपली कृतज्ञ,
आपल्या एका रुग्णाची मुलगी