फिशटेस्टला संगणक जोडणाऱ्या स्वयंसेवकांस अनावृत आभारपत्र

स. न. वि. वि.

स्टॉकफिश या बुद्धिबळ इंजिनाच्या (बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रणालीच्या) शोधभागात, म्हणजे पुढच्या चाली तपासणाऱ्या भागात, बदल सुचवणाऱ्या अनेकांपैकी मी एक आहे. त्या बदलांच्या चाचणीचे डाव ज्यांच्या संगणकांवर खेळले गेले, त्या आपणा सर्वांचे आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

इंजिन बळकट होते ते कुणाला तरी सुचलेल्या अफलातून कल्पनेमुळे, असा सर्वसाधारण समज आहे. कल्पना हव्यातच, पण शोधाचे पुष्कळसे बळ साध्या आकड्यांत दडलेले असते. डावाच्या मध्यात तीस-पस्तीस चाली सहज शक्य असतात. त्यांतल्या क्रमाने मागे पडलेल्या चाली इंजिन कमी खोलीपर्यंत (म्हणजे पुढच्या कमी चालींपर्यंत) तपासते आणि एखादी अनपेक्षितपणे चांगली निघाली, तरच तिच्याकडे पुन्हा पूर्ण खोलीने पाहते. ही कपात थोडी वाढवली की तेवढ्याच वेळात शोध अधिक खोल जातो, मात्र एखादे वजिराचे बलिदान नजरेतून निसटण्याचा धोकाही वाढतो. यांतले काय पदरात पडेल, हे तर्काने सांगता येत नाही. डाव खेळूनच पाहावे लागते. त्यातही एलो या खेळाची ताकद मोजणाऱ्या मापाने दोन अंकांची सुधारणा म्हणजे शंभर डावांमागे पाव गुणाहून किंचित अधिक (विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा). एवढासा फरक योगायोगापासून वेगळा काढायला हजारो डाव लागतात आणि ते एकट्याच्या लॅपटॉपच्या आवाक्यातले काम नव्हे.

गॅरी लिन्स्कॉट यांनी 2013 मध्ये उभी केलेली फिशटेस्ट ही चाचणीची व्यवस्था आपल्यामुळे चालते. आपला संगणक जुन्या आणि नव्या आवृत्तीचा कोड उतरवून घेतो, तो स्वतः कंपाइल करतो (चालवता येईल अशा रूपात आणतो), स्वतःचा वेग मोजून त्या मानाने घड्याळ लावतो आणि एकच सुरुवात रंग बदलून दोनदा खेळवतो. पहिल्या फेरीत प्रत्येक बाजूला 10 सेकंद आणि दर चालीला सेकंदाचा दहावा भाग मिळतो. निकाल जमतील तसा, बदल उपयोगी असणे किती संभवनीय हे दाखवणारा आकडा हलत राहतो: अधिक 2.94 गाठले तर 60 सेकंदांची पुढची फेरी, वजा 2.94 गाठले तर बदल बाद. दोनच्या पुढे गेलेला आकडा घसरत शून्याखाली येताना पाहणे, हा पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) पाठवणाऱ्यांच्या ओळखीचा (आणि मनस्तापाचा) अनुभव आहे.

बहुतेक पॅच बादच होतात, तेव्हा त्या फसलेल्या चाचण्यांवर खर्ची पडलेल्या आपल्या विजेबद्दल वेगळे आभार मानायला हवेत. त्याहून अधिक ऋण एसपीएसए या, कोडमधले आकडे जुळवून घेण्याच्या पद्धतीच्या जुळवणीचे आहे. तीत अनेक स्थिरांक (कोडमधले ठरावीक आकडे) एकाच वेळी थोडे इकडे, थोडे तिकडे सरकवून डाव खेळवतात आणि जिंकणाऱ्या बाजूकडे ते हळूहळू ढकलतात. इतके होऊनही हाती येतात ते केवळ नवे आकडे. ते खरोखर बरे आहेत की नाहीत, हे ठरवणारी चाचणी पुन्हा आपल्याच संगणकांवर होते.

आपला कृतज्ञ,
एक पॅच पाठवणारा