बशीतल्या पेशी आणि रुग्णातली गाठ

संपादक महोदय,

'धातूच्या नॅनोकणांनी कर्करोगाच्या पेशी नष्ट' अशा मथळ्यांच्या बातम्या अधूनमधून झळकतात. त्यांतले रसायनशास्त्र खरे असते. फेरस आयन (लोखंडाचा विद्युतभारित अणू) हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटला की हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, तयार होतो. ही फेंटन अभिक्रिया १८९४ पासून ठाऊक आहे. हा मूलक जेमतेम नॅनोसेकंदभर टिकतो आणि जिथे जन्मतो तिथलेच डीएनए किंवा पेशीपटल बिघडवतो. कर्कपेशींत पेरॉक्साइड तुलनेने जास्त असते, म्हणून मारा तिथेच व्हावा ही कल्पना.

घोडे अडते ते शरीरात. ही अभिक्रिया सामू (pH) ३ च्या आसपास जोमात चालते. गाठीत तो साधारण ६.५ ते ७ असतो. त्यामुळे अनेक जण अशा सामूलाही बरे चालणाऱ्या तांब्याकडे वळले. शिवाय पेशीतले पेरॉक्साइड फार तर मायक्रोमोलरमध्ये, तर मूलक विझवणारे ग्लुटाथायोन मिलिमोलरमध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या एककात. मँगनीज डायऑक्साइड आधी ते ग्लुटाथायोनच खाते, हा त्यातल्या त्यात चतुर उपाय. पण सुटलेल्या मँगनीज आयनाला पुढे मूलक बनवायला बायकार्बोनेट लागते, नुसत्या फॉस्फेट द्रावणात तो थंड पडतो.

प्रयोगही फसवे असतात. पेरॉक्साइड बाहेरून ओतले होते का? मूलक शोधायला वापरतात ते डीसीएफ रंगद्रव्य चमकले म्हणजे हायड्रॉक्सिलच सापडला असे नाही; ते इतर ऑक्सिडकांनीही चमकते, लोखंड-तांब्याच्या आयनांमुळे तर आणखीच. कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारे विकर) घातल्यावर पेशी वाचल्या का, आणि तेवढ्याच धातूच्या साध्या क्षाराने काय झाले, ही दोन उत्तरे नसतील तर दावा अर्धवट समजावा.

शिरेतून दिलेले कण मुख्यतः यकृत-प्लीहेत अडकतात. २०१६ च्या एका आढाव्यात प्राण्यांच्या गाठीपर्यंत पोचलेल्या मात्रेचे मध्यक ०.७ टक्के निघाले.

हॅफ्नियम ऑक्साइडच्या कणांना २०१९ मध्ये युरोपात मऊ ऊतींच्या सार्कोमा या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. पण ते गाठीच्या आकारमानाच्या दहाव्या हिश्शाइतके थेट गाठीतच टोचतात आणि काम करतात ते रेडिओथेरपीच्या जोडीने. चाचणीत गाठ जवळपास पूर्ण मृत झालेल्या रुग्णांचे प्रमाण १६ टक्के होते, नुसत्या किरणोपचारांत ८.

तेव्हा बातमीत प्रयोग बशीतला, उंदरावरचा की माणसावरचा, हे पहिल्याच परिच्छेदात छापावे. रुग्णांचे नातेवाईक कात्रण घेऊन डॉक्टरांकडे जातात, आणि तो उपचार नाही मिळाला तर 'नॅनो' म्हणून विकल्या जाणाऱ्या चांदीच्या द्रावणाची बाटली घेऊन येतात.

– या विषयातील दोन संशोधक, पुणे