संकल्प लिहिताना वेळ आणि जागा पण लिहा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत नवीन वर्षाच्या संकल्पांवर लेख आला त्यात परत तीच अमेरिकेतल्या येल युनिव्हर्सिटीची गोष्ट, की 1953 च्या बॅचमधल्या ज्या 3 टक्के मुलांनी आपली ध्येयं कागदावर लिहिली होती त्यांनी वीस वर्षांनी उरलेल्या 97 टक्क्यांपेक्षा जास्त पैसा कमावला. अहो, असा सर्व्हे झालेलाच नाही! फास्ट कंपनी नावाच्या अमेरिकन मासिकाने 1996 मध्ये याचा माग काढला तर कोणाकडेच काही नव्हतं, येलकडेसुद्धा नाही. तरी सगळे मोटिव्हेशनवाले सर ती गोष्ट सांगून टाळ्या घेतात.

पण माझी तक्रार वेगळी आहे. अशा गोष्टींमुळे लोकांना वाटतं की डायरीत लिहिलं म्हणजे अर्धं काम झालं. आमच्या ऑफिसात डिसेंबर संपता संपता सगळ्यांचं सुरू होतं, फिट व्हायचंय, सेव्हिंग करायचंय, वाचन वाढवायचंय. आता यातलं एक तरी वाक्य मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला चर्चगेटच्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला पुढे काय करायचं ते सांगतं का?

खरे अभ्यास आहेत की, ते छापा ना. एडविन लॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1968 पासून हेच सांगितलंय की "जमेल तितकं करा" यापेक्षा नेमकं आणि जरा अवघड लक्ष्य दिलं तर माणसं जास्त काम करतात. अमेरिकेत लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक कायद्याने चालतं त्याच्या साधारण 60 टक्केच भरून निघायचे, ड्रायव्हरना 94 टक्क्यांचं लक्ष्य दिलं आणि काही महिन्यांत भरती 90 टक्क्यांवर गेली, पगार एक पैसा न वाढवता (मालक लोकांनी हे वाचू नये 😄). आणि जर्मनीतले मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचा प्रयोग तर मला फारच आवडतो, कॉलेजच्या मुलांना सांगितलं की ख्रिसमसची संध्याकाळ कशी घालवली ते 48 तासांत लिहून पाठवा, त्यातल्या अर्ध्यांना आधीच ठरवायला लावलं की कधी आणि कुठे बसून लिहिणार. ज्यांनी ठरवलं त्यांच्यातल्या चारातल्या तिघांनी वेळेत पाठवलं, बाकीच्यांत तिघातल्या जेमतेम एकाने. फरक काय तर वेळ आणि जागा, बस.

मुंबईत तर हे जास्तच लागू पडतं कारण आपला दिवस आपल्या हातात नसतोच, तो ट्रेनच्या हातात असतो. म्हणून "वाचन वाढवणार" असं न लिहिता "बोरिवलीला चर्चगेट लोकलमध्ये सीट मिळाली की मोबाईल पर्समध्ये आणि पुस्तक बाहेर, अंधेरीपर्यंत" असं लिहायचं. सीट नाही मिळाली तर? तेही लिहायचं, इयरफोन लावून ऑडिओबुक. लोक नेमकं हेच विसरतात. आमच्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कात चालायला जाणारे जानेवारीत किती असतात बघा आणि जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला की किती उरतात ते बघा. पाऊस काही अचानक येत नाही हो, दरवर्षी येतो! "पाऊस असेल तर बिल्डिंगचा जिना, पाच फेऱ्या" एवढं आधीच लिहून ठेवलं असतं तर चालणं सुटलं नसतं. पैशाचं पण तेच, पगाराचा मेसेज आला की त्याच मिनिटाला आरडीत टाकायचे, महिनाअखेरीला उरतील ते टाकू म्हटलं की काही उरत नाही.

अजून एक, त्या लेखात 21 दिवसांत सवय लागते असंही होतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली या संशोधक बाईंनी माणसांवर बघितलं तर सरासरी 66 दिवस निघाले, कोणाला 18 तर कोणाचा अंदाज 254 पर्यंत गेला. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही त्यात दिसलं, आणि हे तर ठळक अक्षरात छापायला हवं होतं कारण एक दिवस बुडाला की आपल्याकडे लोक सरळ पुढच्या वर्षावर ढकलतात.

पाडव्याला संकल्पांचा लेख परत येणारच आहे, तेव्हा प्लीज येलवाली गोष्ट काढून त्या जागी चार रिकाम्या ओळी छापा, काय करणार, कधी, कुठे आणि नाही जमलं तर काय. आणि सेलिब्रिटींचे संकल्प नकोत, त्यांना कुठे लोकल पकडायची असते.

आपली,
एक नियमित वाचक, बोरिवली (पूर्व)