काठीला न बिचकणारी घोडी : दिव्यांग कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य
यांस स. न. वि. वि.

साहेब,

मी पाचगणीच्या टेबललँड पठारावर घोडे फिरवतो. दोन वर्षांचा होतो तेव्हा पोलिओने डावा पाय गेला. देशात पल्स पोलिओची मोहीम १९९५ साली सुरू झाली, माझा ताप त्याच्या कितीतरी आधीचा. पायात कॅलिपर म्हणजे आधाराचा लोखंडी सांगाडा, डाव्या हातात काठी आणि उजव्या हातात घोड्याचा लगाम, असा २२ वर्षं चालतोय. प्रमाणपत्रावर ५५ टक्के लिहिलंय. माझ्या कामाबद्दल मात्र कुठल्याच कागदावर काही लिहिलेलं नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या हंगामाआधी परवान्याच्या कामासाठी एका कार्यालयात गेलो होतो. तिथल्या साहेबांनी आधी माझा पाय बघितला, मग अर्ज. म्हणाले, "घोडं उधळलं तर धरणार कसं? घरातल्या धडधाकट माणसाच्या नावावर करा." हंगाम तोंडावर होता. पुतण्याच्या नावावर केलं. तो वाईला दुकानात कामाला असतो आणि घोड्याच्या मागून जायचं नसतं एवढंही त्याला ठाऊक नव्हतं. माझी घोडी, माझी चंदी, माझं खोगीर, आणि कागदावर मी कोणीच नाही.

त्या साहेबांना पर्यटकांची काळजी होती, हे मी मान्य करतो. पण प्रश्न चुकला. उधळलेलं घोडं कुणीच धरत नाही, साहेब. साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर जिवाच्या भीतीने सुटलं की दोन पायांचा पैलवानही फरफटत जातो. घोडेवाल्याचं काम असतं ते त्याच्या आधीचं. कान कुठं वळलेत, नाकपुड्या फुलल्यात का, मान एकदम ताठ झाली का, हे बघायचं आणि घोडं घाबरायच्या आत त्याच्याशी बोलायचं. मला पळता येत नाही, त्यामुळे हे बघायला मला इतरांपेक्षा लवकर शिकावं लागलं.

माझी घोडी मैना आली तेव्हा चार वर्षांची होती. आधीच्या मालकाने तिला काठीने मारलं असणार, कारण मी ठाणापाशी गेलो की ती कान पाडून भिंतीला चिकटायची, अंग थरथरायचं. बाकीचे म्हणाले, काठी बाहेर ठेवून जात जा. पण काठीशिवाय मी उभाच राहू शकत नाही. घोड्यासाठी काठी म्हणजे मार, आणि माझ्यासाठी काठी म्हणजे पाय. एवढं एका मुक्या जनावराला समजवायचं होतं.

पहिले काही दिवस मी काठी ठाणात आडवी टाकून लांब बसून राहिलो. मग काठीशेजारी भिजवलेले हरभरे ठेवले. मग काठीलाच तोबरा अडकवला. ती मान लांब करून खायची, पाय मात्र मागेच. जवळजवळ महिन्याने एका सकाळी मी खरारा करत होतो, काठी निसटून तिच्या पुढच्या खुरावर पडली. मी डोळे मिटून घेतले. ती हलली नाही. खाली वाकून तिने काठी हुंगली आणि फुरफुरली. आता तर काठीचा आवाज ऐकूनच ती ओळखते. फरशीवर टक आणि मागून पाय ओढल्याचा आवाज आला की आतून खिंकाळते.

घोड्यावर बसायचं ते डावीकडून, जनावरालाही तीच सवय असते. डाव्या पायावर माझा भार येत नाही, म्हणून मी उजवीकडून चढतो आणि चढताना कॅलिपरचं लोखंड तिच्या पाठीला घासून जातं. हे तिने सोसायला शिकून घेतलं. खूर साफ करायला मला वाकता येत नाही. मी स्टुलावर बसतो, ती पाय उचलून माझ्या चांगल्या मांडीवर ठेवते. तिने एक झटका दिला तर मी उठून बाजूला होऊ शकत नाही, हे मला माहीत आहे. तिलाही माहीत असावं, असं मला वाटतं. म्हणून मीही तिच्या बाबतीत शब्द मोडत नाही. जड माणूस आला तर नको म्हणतो, नाल झिजली की नालबंद येईपर्यंत धंदा बंद. दिवसाच्या दोन फेऱ्या कमी होतात.

एकदा मुंबईहून आलेल्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांच्याबद्दल सांगितलं. पोलिओने गुडघ्याखाली पाय लुळे पडलेले, घोड्यावर चढवायला-उतरवायला माणूस लागायचा, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या बरोबरीने उतरून त्यांनी ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून शिस्तबद्ध चाली करून घेण्याच्या स्पर्धेचं, रौप्यपदक मिळवलं. पॅरालिंपिकमध्येही १९९६ पासून घोडेस्वारी आहे. मला पदक नको. पण दिव्यांग माणूस आणि घोडं हे जगाने केव्हाच मान्य केलंय, मग आमच्या कार्यालयात ते अजून अडतं का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सोयीसुविधा देण्याचं तत्त्व आहे. माझ्यापुरता त्याचा अर्थ सांगतो. परवाना द्यायचा की नाही हे पाय बघून ठरवू नका, घोड्यासह पठारावर उभं करून बघा. पशुवैद्यकीय डॉक्टर आणि एखादा जुना घोडेवाला बरोबर असू द्या. बसवणं, उतरवणं, गर्दीतून नेणं, आवाज झाल्यावर शांत करणं, सगळं करून दाखवतो. हीच परीक्षा धडधाकट घोडेवाल्यांचीही घ्या. निम्मे अपघात तिथेच टळतील असं माझं मत आहे.

आणि चढायला तीन पायऱ्यांचा एक लाकडी ओटा हवा. हा पट्टा २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे, जांभ्यावर सिमेंट ओतायला मी सांगणार नाही. संध्याकाळी उचलून नेता येईल असा ओटा चालेल. तो मला लागेल, गुडघे दुखणाऱ्या आजीलाही लागेल, आणि सगळ्यात जास्त घोड्याला लागेल, कारण खालून लटकून चढणाऱ्या माणसाचं वजन खोगिरासकट त्याच्या पाठीला एका बाजूला ओढतं.

आपण किंवा आपले अधिकारी बघायला आलात तर पावसाळ्याआधी या. गाडी लांब उभी करा. मैनाच्या थेट मागून येऊ नका, तिथलं तिला दिसत नाही. बाजूने, बोलत बोलत या. मी तिच्या डाव्या खांद्यापाशी असेन.

आपला नम्र,
टेबललँडवरचा एक घोडेवाला
पाचगणी, ता. महाबळेश्वर, जि. सातारा