इन्सेक्टरी (प्रयोगशाळेतील डासघर) सांभाळणाऱ्या ताईंस आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आपल्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली, म्हणून हे जाहीर पत्र.

डासाच्या एखाद्या जनुकाचे काम तात्पुरते थांबवून त्याचा उपयोग ओळखायचा, ही आरएनए इंटरफिअरन्सची युक्ती कागदावर सोपी दिसते. जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए पेशीत शिरला की डायसर हे विकर त्याचे लहान तुकडे करते आणि त्यांच्या आधारे त्याच जनुकाचा संदेशवाहक आरएनए (प्रथिन बनवण्याची सूचना नेणारा रेणू) हुडकून कापला जातो. फायर आणि मेलो यांनी १९९८ मध्ये हे सूत्रकृमीत दाखवले. पुढे हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफिलिस गाम्बी या डासाच्या माद्यांना असा आरएनए टोचून टेप-१ जनुक दाबले, तेव्हा त्यांच्या आतड्यावर उंदरांच्या हिवतापाच्या परजीवीचे ऊसिस्ट (परजीवीच्या वाढीच्या गाठी) कितीतरी अधिक वाढले, आणि या जनुकापासून बनणारे प्रथिन डासाचे संरक्षण करते हे २००४ मध्ये सिद्ध झाले.

मात्र अवघा ६९ नॅनोलिटर द्राव डासाच्या छातीत सोडताना हात कसा ठेवावा, हे कोणत्याही शोधनिबंधात नसते. थंडीने गुंगलेली मादी ब्रशने कुशीवर वळवावी, काचेच्या सुईचे टोक चिमट्याने बेताचेच मोडावे (जाड राहिले तर जखम मोठी होते, बारीक राहिले तर सुई तुंबते) आणि पोट किंचित फुगेपर्यंत सुई मागे घेऊ नये, हे मी आपल्या शेजारी बसून शिकले.

त्याहून मोठे ऋण कंट्रोलबाबतच्या, म्हणजे तुलनेसाठीच्या गटाबाबतच्या, आपल्या हट्टाचे आहे. नुसत्या टोचण्यानेही डासाची प्रतिकारयंत्रणा जागी होत असल्यामुळे, न टोचलेल्या माद्यांशी केलेली तुलना आपण कधीच मान्य केली नाही. डासात मुळात नसलेल्या जीएफपी (हिरवे चमकणारे प्रथिन) जनुकाचा दुपदरी आरएनए त्याच दिवशी, त्याच पिंजऱ्यातील माद्यांना आलटूनपालटून टोचायला लावलात. ट्रेमध्ये अळ्यांची गर्दीही आपण होऊ दिली नाहीत, कारण दाटीत वाढलेल्या माद्या लहान राहतात, रक्त कमी पितात, आणि मग ऊसिस्ट कमी दिसले तर श्रेय कशाला द्यायचे हेच कळत नाही. मौखिक परीक्षेत परीक्षकांनी नेमके हेच विचारले. माझ्या उत्तराला त्यांनी मान डोलावली, पण ते उत्तर आपले होते.

एक विनंती आहे. सुई मोडण्यापासून टोचण्यापर्यंतचे आपल्या हातांचे काम सूक्ष्मदर्शकावरच्या कॅमेऱ्याने टिपायला परवानगी द्यावी. पुढच्या तुकडीसाठी मी ते मराठी निवेदनासह तयार करून देईन.

आपली विद्यार्थिनी