पिशवी घेणाऱ्याचा चेहरा कशाला छापता?

मा. संपादक,
स.न.

कालच्या पुरवणीतला फूड बँकेवरचा, म्हणजे दान आलेलं अन्न गरजूंना वाटणाऱ्या संस्थेवरचा, लेख वाचला. व्हॉलंटिअर्सचं कौतुक केलंत, बरं वाटलं, मी स्वतः चार वर्षं दर शनिवारी अशाच एका ठिकाणी सॉर्टिंगला, म्हणजे आलेला माल निवडायला, जाते त्यामुळे खोटं कशाला बोलू, सुखावले. पण तो फोटो! अर्ध पान भरून रांगेतल्या माणसांचे चेहरे, आणि पिशव्या भरणाऱ्यांच्या नुसत्या पाठी. विचारलं होतं का हो त्यांना कुणी?

मला एवढं का झोंबलं ते सांगते. आमच्याकडे एक गृहस्थ होते, दोन वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर अन्नाचे हवाबंद डबे तपासायचे. थोडासा चेपलेला एक वेळ चालेल पण झाकण फुगलेलं असलं की सरळ बाद, हे मला त्यांनीच शिकवलं. मग त्यांची नोकरी गेली आणि एका शनिवारी बघते तर टेबलाच्या पलीकडे उभे. दोघांनीही काही झालंच नाही असं दाखवलं, ऊन-पावसाच्या गप्पा मारल्या, मी पिशवी भरत होते तेवढ्यात एका देणगीदार कंपनीची माणसं कॅमेरा घेऊन हजर. तर ह्यांनी काय करावं, खुंटीवरचा एप्रन काढला, गळ्यात अडकवला आणि आमच्या बाजूला येऊन भराभरा डबे लावायला लागले. फोटोत हसतायत छान. पिशवी तशीच टेबलावर. संध्याकाळी मी घरी घेऊन गेले तर त्यांच्या मिसेसनी दार अर्धंच उघडलं, "पत्ता चुकलाय तुमचा" म्हणाल्या. त्यानंतर ते ना टेबलाच्या इकडे आले ना तिकडे.

तुम्ही लिहिलंयत की १९६७ साली अमेरिकेत फीनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली फूड बँक काढली. बरोबर. पण ही आयडिया त्यांना दिली एका बाईनं, जी दुकानांनी फेकलेलं अन्न शोधून पोरं जगवत होती, तीच म्हणाली की पैशांची बँक असते तशी अन्नाची का नको, ज्याच्याकडे आहे त्याने ठेवावं, ज्याला लागेल त्याने काढावं. हे तुमच्या लेखात कुठेच नाही. आणि बँकेत पैसे काढायला आलेल्याचा फोटो काढता का तुम्ही? काढून बघा एकदा.

आता विषय निघालाच आहे तर, लेखातली ती पाकिटांवरच्या तारखांची चौकट. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या तारखेपर्यंत चव-दर्जा उत्तम, उलटली म्हणून लगेच विष होत नाही. 'यूज बाय' उलटली की मात्र खायचं नाही. तुम्ही दोन्हीला सरसकट 'एक्स्पायरी' लिहून मोकळे. आता लोक चांगला माल कचऱ्यात टाकतील, आणि काही महाभाग कपाट आवरताना निघालेलं खरंच खराब झालेलं आमच्याकडे पाठवतात ते पाठवतच राहतील, वर पोच पावती मागतील.

माझं मागचं पत्र तुम्ही निम्मं कापलंत, त्यात मुद्दाच गेला. ह्या वेळी जागा कमी पडली तर तारखांचं कापा, एप्रनचं राहू द्या.

एक व्हॉलंटिअर
(नाव छापू नये. फोटो तर नाहीच.)